वर्गणी थांबली, पण माहिती तिथेच

प्रश्न : आमची जिल्हा पातळीवरची डॉक्टरांची संघटना आहे, सभासद साधारण सहाशे. दोन वर्षांपूर्वी मूडल या सॉफ्टवेअरवर ऑनलाइन शिक्षणाचं संकेतस्थळ सुरू केलं. व्याख्यानं, चाचण्या, प्रमाणपत्रं सगळं तिथेच होतं. सचिवपद माझ्याकडे यंदाच आलंय आणि एका महिन्यात तीन गोष्टी अंगावर आल्या. वर्गणी बंद केलेल्या एका सभासदाने ‘माझी सगळी माहिती काढून टाका’ असा ईमेल पाठवला. संकेतस्थळ सांभाळणारा म्हणतो डिलीट केलं, पण नाव अजून गुणांच्या एक्सेलमध्ये आहे. एका महिला सभासदाची तक्रार आहे की कोर्सच्या सहभागींच्या यादीतून कोणीतरी तिचा मोबाइल नंबर उचलला. आणि वेबिनारचा खर्च देणारी औषध कंपनी हजर असलेल्यांची यादी नंबरांसकट मागतेय. कार्यकारिणीत काहीजण म्हणतात, ‘कायदा अजून लागू नाही, कशाला डोक्याला ताप?’ काय करू? – एक सचिव

उत्तर : नमस्कार डॉक्टर,

तिन्हींत घाईचा आहे तो मोबाइल नंबर. तो इतरांना दिसणं आज संध्याकाळच्या आत बंद करा. बाकीचं आठवडाभरात निवांत होईल.

मूडलमध्ये नंबर सगळ्यांना दिसण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण सापडतं. संकेतस्थळ उभारताना ‘मोबाइल’ किंवा ‘व्हॉट्सॲप नंबर’ असं वेगळं प्रोफाइल फील्ड बनवलं जातं. ते बनवताना ‘कोणाला दिसेल’ या प्रश्नापुढे मूडलने ‘सर्वांना’ हे उत्तर आधीच भरून ठेवलेलं असतं, आणि ते बदलायचं राहून जातं. ॲडमिनच्या खात्यातून साइट ॲडमिनिस्ट्रेशन, युजर्स, युजर प्रोफाइल फील्ड्स असं जा. मोबाइल, जन्मतारीख, घरचा पत्ता, जे जे तुम्ही वेगळं बनवलं असेल त्या प्रत्येकाचं सेटिंग उघडून ‘व्हिजिबल टू युजर’ करा. मग ती माहिती ज्याची त्याला आणि ॲडमिनला दिसते. ‘नॉट व्हिजिबल’ केलंत तर सभासदाला स्वतःचा चुकलेला नंबरही दुरुस्त करता येणार नाही, आणि ते फोन मग तुम्हालाच येतील.

ईमेलचं दुखणं वेगळं. नवीन खातं उघडताना मूडल ईमेल पत्ता ‘कोर्समधल्या इतरांना दिसेल’ असा ठेवतं. तुमच्याकडे ‘सामान्य सूचना’ किंवा तशाच एखाद्या कोर्समध्ये सगळेच सहाशे जण असतील, तर ‘कोर्समधले इतर’ म्हणजे अख्खी संघटना झाली. डीफॉल्ट बदलून भागत नाही, कारण तो बदल फक्त पुढच्या खात्यांना लागतो. जुन्या खात्यांसाठी दोन रकान्यांची सीएसव्ही फाइल (एक्सेलमधूनही जतन करता येणारी साधी यादी) करा : युजरनेम आणि मेलडिस्प्ले. शीर्षकं इंग्रजी लहान अक्षरांत, आणि दुसऱ्या रकान्यात सगळीकडे शून्य. अपलोड करताना ‘अपडेट एक्झिस्टिंग युजर्स ओन्ली’ निवडा आणि त्याखालच्या ‘एक्झिस्टिंग युजर डिटेल्स’मध्ये ‘ओव्हरराइड विथ फाइल’. हा दुसरा पर्याय ‘नो चेंजेस’वरच राहिला तर फाइल विनातक्रार अपलोड होते, पण एकही खातं बदलत नाही. आधी दोन-तीन ओळींवर करून बघा, मग सहाशे.

त्याच्या जोडीला स्टुडंट या भूमिकेची ‘व्ह्यू पार्टिसिपंट्स’ ही परवानगी काढून टाका. सहभागींची यादीच दिसली नाही की एकेका प्रोफाइलवर टिचकी मारत बसायची वाट बंद. गटाने काम करायचा एखादा कोर्स असेल तर तिथे ती परत द्या, एरवी व्याख्यान ऐकायला आलेल्याला बाकीचे कोण आहेत हे कळायची गरज नसते. आणि हे सगळं झालं की नाही ते ॲडमिनच्या खात्यातून तपासू नका, ॲडमिनला सगळंच दिसतं. एक खोटं विद्यार्थी-खातं बनवा, त्यातून लॉगिन करून बघा, आणि काम झालं की ते बंद करा.

तक्रार करणाऱ्या सभासदाला काय बंद केलं ते लेखी कळवा. तिचं प्रोफाइल कोणी, कोणत्या दिवशी उघडलं याची नोंद मूडलच्या लॉगमध्ये, म्हणजे वापराच्या आपोआप होणाऱ्या नोंदवहीत असते, कारण ‘युजर प्रोफाइल व्ह्यूड’ ही घटना तिथे खातं, वेळ आणि आयपी पत्त्यासह लिहिली जाते. तेवढा भाग लगेच उतरवून ठेवा. मात्र प्रोफाइल उघडणं म्हणजे नंबर उचलणं, असं सिद्ध होत नाही. त्यामुळे ते नाव फोनवर कोणाला सांगू नका. तक्रार आणि नोंदी दोन्ही कार्यकारिणीपुढे ठेवा.

आता डिलीटचं. संकेतस्थळ सांभाळणारा खोटं बोलत नाही, पण मूडलमध्ये ‘डिलीट’ या बटणाचा अर्थ आपण समजतो तो नाही. युजर्सच्या यादीतून खातं डिलीट केलं की ते पडद्यावरून जातं. डेटाबेसमधली ओळ तशीच राहते, फक्त तिच्यावर ‘डिलीटेड’ची खूण होते. नाव आणि आडनाव राहतं. ईमेलच्या रकान्यातला पत्ता निघून तिथे अक्षर-अंकांची एक लांबलचक माळ येते, पण गंमत अशी की युजरनेमच्या रकान्यात जुना ईमेल पत्ताच ठेवला जातो, त्याच्या शेवटी टिंब आणि दहा आकडी वेळेचा शिक्का जोडून. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर काढलेला पत्ता मागच्या दाराने घरात. सांभाळणाऱ्याला ही ओळ डेटाबेसमध्ये उघडून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे आणि वाद मिटतो.

यासाठी वेगळी सोय आहे. २०१८ मधल्या ३.५ या आवृत्तीपासून मूडलसोबतच ‘डेटा प्रायव्हसी’ हे साधन येतं. त्यातून ‘डिलीट’ची विनंती नोंदवली आणि मंजूर केली, की ते चाचण्या, स्वाध्याय, संदेश, अभिप्राय अशा प्रत्येक भागाला जाऊन तिथली त्या माणसाची माहिती काढायला लावतं. दोन ठिकाणी हे अडकतं. पहिलं म्हणजे क्रॉन, म्हणजे सर्व्हरवर ठराविक वेळाने आपोआप चालणारं काम. ते बंद असेल तर विनंती मंजूर दिसते आणि महिनोन्महिने तशीच पडून राहते. दुसरं, स्वस्तातलं किंवा फार जुनं एखादं प्लगइन, म्हणजे मूडलला वरून जोडलेली सोय, या साधनाशी बोलतच नाही. साइट ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये ‘प्लगइन प्रायव्हसी रजिस्ट्री’ नावाचं पान आहे. जी प्लगइनं ही व्यवस्था पाळत नाहीत त्यांच्यापुढे तिथे इशाऱ्याची खूण दिसते. प्रमाणपत्राचं आणि हजेरीचं प्लगइन त्यात आहे का ते आवर्जून बघा.

पण थांबा, बटण दाबण्याआधी त्या डॉक्टरांना एक विचारा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी होतं आणि त्यासाठी अशा शिक्षण-कार्यक्रमांतून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. तुमच्याकडची त्यांची प्रमाणपत्रं त्यांनी उतरवून घेतली आहेत का? सगळं पुसलंत तर प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड पडताळणीत काहीच दाखवणार नाही, आणि दोन वर्षांनी तेच डॉक्टर पॉइंटांची नोंद मागायला तुमच्याच दारात उभे राहतील. म्हणून आधी त्याच साधनातून ‘एक्सपोर्ट’ची विनंती चालवून त्यांना त्यांची माहिती आणि प्रमाणपत्रं द्या. मग खातं काढा, आणि पाच गोष्टींची एक लहानशी नोंद मागे ठेवा : नाव, कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, कार्यक्रम, तारीख, पॉइंट. किती काळ? नूतनीकरणाचं एक चक्र आणि वर एक वर्ष, म्हणजे सहा वर्षं, हे आमच्या मते पुरेसं आहे. यात मोबाइल नको, ईमेल नको, चाचणीतले गुण तर मुळीच नकोत. पॉइंट मिळाले एवढं पुरे, दहापैकी चार आले होते हे कोणाला कशाला हवं?

वर्गणीच्या आणि फीच्या पावत्या हा तिसरा भाग. तो हिशेबाचा असल्याने सभासदाच्या विनंतीने पुसता येत नाही. संघटना जीएसटीत नोंदलेली असेल तर ती कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. बाकीची मुदत तुमच्या सीएंकडून लेखी घ्या. कार्डाचे तपशील तुमच्याकडे नसतीलच, नसायलाच हवेत. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना ते साठवायला मनाई केली आहे.

उत्तर लिहिताना ‘आपली सर्व माहिती काढली आहे’ असं लिहू नका, कारण ते खरं नसेल. असं लिहा : ‘आपलं खातं, मोबाइल, ईमेल, चाचण्यांची उत्तरं आणि गुण अमुक तारखेला काढले. क्रेडिट पॉइंटांची नोंद नूतनीकरणाच्या पडताळणीसाठी अमुक वर्षापर्यंत राहील. पावत्या हिशेबाच्या कायद्यानुसार राहतील. बॅकअपमधल्या प्रती इतक्या दिवसांत आपोआप जातील. हरकत असल्यास अमुक पदाधिकाऱ्याला लिहा.’

ते गुणांचं एक्सेल. खरं सांगायचं तर संघटनांची माहिती फुटते ती सर्व्हरवरून क्वचितच. ती फुटते संयोजकाच्या लॅपटॉपवरच्या ‘फायनल लिस्ट नवीन २’ नावाच्या फाइलमधून. कोणीतरी गुणांची यादी उतरवतो, ती कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो, आणि तिथून ती वीस फोनांच्या डाउनलोड फोल्डरमध्ये जाऊन बसते. मूडलला या प्रतींचा पत्ता नसतो. एका संध्याकाळी बसून अशा सगळ्या जागा कागदावर लिहून काढा : वेबिनारसाठी झूमवर झालेली नोंदणी, अभिप्रायाचा गूगल फॉर्म आणि त्याला जोडलेली शीट (ती ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडी आहे का ते आधी बघा), पहिल्या दिवशी सहाशे खाती बनवताना वापरलेली, पासवर्डांसकट असलेली सीएसव्ही. ही शेवटची फाइल हमखास कुठेतरी सापडते. त्यात सगळ्यांना एकच पासवर्ड दिलेला असतो, संघटनेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. निम्म्या लोकांनी तो अजून बदललेला नसतो. फाइल नष्ट करा आणि पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायची सक्ती करा.

औषध कंपनीला यादी देऊ नका. सभासदाने नंबर दिला तो व्याख्यानाची लिंक आणि पॉइंट मिळावेत म्हणून. कंपनीच्या प्रतिनिधीने त्यावर फोन करावा म्हणून तो दिलेला नाही. नव्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीच्या कलमाखाली उदाहरण दिलंय तेही तुमच्याच क्षेत्रातलं : दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचं ॲप वापरताना माणसाने फोनमधले संपर्क वाचायलाही होकार दिला, तरी सल्ल्यासाठी संपर्क लागत नाहीत, म्हणून तो होकार सल्ल्यापुरताच धरायचा. नोंदणीच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत ‘प्रायोजकांना माहिती दिली जाईल’ लिहून हा प्रश्न सुटत नाही तो यामुळेच. कंपनीला आकडे द्या : इतके नोंदले, इतके शेवटपर्यंत हजर, इतके बालरोगतज्ज्ञ, इतके जनरल प्रॅक्टिशनर, तालुकावार इतके. फक्त एखाद्या तालुक्यात एकच त्वचारोगतज्ज्ञ असेल तर तो ‘आकडा’ म्हणजे नावच, तिथे तालुके एकत्र करा. कंपनीला संपर्कच हवा असेल तर फॉर्मवर वेगळा चौकोन ठेवा, कंपनीचं नाव लिहून, आधी टिक न केलेला. तो रिकामा ठेवणाऱ्यालाही प्रवेश, पॉइंट आणि प्रमाणपत्र सगळं मिळालं पाहिजे, आणि ज्याने टिक केलं त्याला तितक्याच सहज तो होकार मागे घेता आला पाहिजे. प्रायोजकत्वाचा करार करतानाच हे बोलून घ्या. कार्यक्रम झाल्यावर ‘यादी कधी पाठवताय?’ असा फोन येतो तेव्हा नाही म्हणणं जड जातं.

हाच नियम संघटनेच्या निवडणुकीलाही लागतो. मतदारयादी तुमच्या घटनेप्रमाणे सभासद नोंदवहीतून निघते, शिक्षणाच्या संकेतस्थळावरून नाही. एखाद्या उमेदवाराने ॲडमिनच्या ओळखीवर तिथले नंबर मिळवले की पुढचं भांडण माहितीचं राहत नाही, निवडणुकीचं होतं.

कायद्याबद्दल कार्यकारिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि तुमच्यासारख्या संस्थांवरची मुख्य बंधनं त्या नियमांनंतर अठरा महिन्यांनी, जाहीर वेळापत्रकानुसार मे २०२७ मध्ये, सुरू होतात. पण तोवर मैदान मोकळं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेतच, आणि त्यांच्या व्याख्येत व्यावसायिक काम करणाऱ्या व्यक्तींची संघटनाही येते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर हवा, आणि तक्रारीचा निकाल महिन्याभरात, हे त्याच नियमांत आहे. माहिती फुटल्याचं कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारी यंत्रणेला कळवायचं, हा आदेशही एप्रिल २०२२ चा आहे.

मे २०२७ साठी सहाशे जणांच्या सह्या नव्याने गोळा करायला धावू नका. आधी संमती घेतलेली असेल तर सूचना पाठवणं पुरतं, आणि सभासद संमती मागे घेईपर्यंत काम चालू ठेवता येतं. मुळात संमतीच घेतली नसेल, नुसती जुनी यादी चढवली असेल, तर मात्र ती आता घ्या. सूचनेत कोणती माहिती, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची आणि तक्रार कुठे करायची एवढं साध्या भाषेत हवं. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. पुण्या-मुंबईच्या वकिलाने पाठवलेला बारा पानी इंग्रजी मसुदा तसाच चिकटवू नका. माहिती फुटली तर प्रत्येक बाधित सभासदाला विनाविलंब आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशीलवार कळवणं तेव्हा बंधनकारक होईल. एक्सेल चुकून भलत्या गटावर गेलं, तरी ते ‘फुटणं’च धरलं जातं. बैठकीत कोणीतरी २५० कोटींच्या दंडाचा आकडा काढेलच. ती कमाल मर्यादा आहे. दंड ठरवताना चूक किती गंभीर, किती काळ चालली आणि संस्थेने ती आवरायला काय केलं हे बघितलं जातं, म्हणून आज केलेल्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या संकेतस्थळावर सर्वांत नाजूक माहिती सभासदांची नसावी, त्यांच्या रुग्णांची असावी. केस सादरीकरणात चढवलेल्या एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव, वय, तारीख असते. सोनोग्राफीच्या फोटोवर केंद्राचं नाव असतं. मोबाइलवर काढलेल्या जखमेच्या फोटोच्या फाइलमध्ये कधीकधी ठिकाणही असतं. स्लाइडवर नावापुढे काळी पट्टी ठेवून काम होत नाही, ती पीपीटी उतरवणारा पट्टी उचलून बाजूला ठेवू शकतो. चित्र कापून किंवा रंगवून ते नव्याने जतन करायला सांगा आणि स्लाइड पीडीएफ करून चढवायला सांगा. ओळख पटेल असा फोटो किंवा केस रुग्णाच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करायची नाही, हे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत आहेच. जुने स्वाध्याय एकदा कोणाकडून तरी डोळ्यांखालून घालून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते डॉक्टरांनीच करावं, संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने नाही.

ज्याचा कंटाळा यंत्राला येत नाही ते यंत्राकडे द्या. लॉग कधीच पुसायचे नाहीत असं मूडलचं मूळ सेटिंग असतं, ते ३६५ दिवसांवर आणा. सर्ट-इनला १८० दिवसांचे लॉग लागतात, नव्या नियमांत किमान वर्ष आहे, म्हणून ३६५ पेक्षा कमी नको. कोर्सची माहिती ठराविक काळाने काढायची मुदत ‘डेटा रजिस्ट्री’त भरता येते, पण ती मोजली जाते कोर्सच्या समाप्तीच्या तारखेपासून. तुमच्या कोर्सांना ‘एंड डेट’ घातलेलीच नसेल तर मुदत भरूनही काही होणार नाही. मुदत संपलेल्या कोर्सांची यादी मूडल दाखवतं आणि पुसण्यासाठी होकार मागतं, तो द्यायला माणूस नेमा.

संकेतस्थळ सांभाळणाऱ्याशी लेखी करार हवा, कारण चूक त्याची असली तरी सभासदांना उत्तर तुम्हीच द्यायचं आहे. डोमेन आणि होस्टिंग संघटनेच्या नावावर, ॲडमिनची खाती माणसागणिक वेगळी, बॅकअप किती दिवस, करार संपल्यावर सगळं परत करून त्याच्याकडची प्रत पुसल्याचं पत्र, एवढं तरी त्यात असू द्या. आजच ॲडमिनची यादी काढा. मागच्या दोन कार्यकारिण्यांचे सचिव त्यात सापडतील. कटुता न आणता त्यांचे अधिकार काढा आणि पदग्रहणाच्या दिवशी हे करायची रीत पाडा.

राहिला बॅकअप. मूडलचा आपोआप होणारा कोर्सचा बॅकअप मूळ सेटिंगप्रमाणे सभासदांच्या माहितीसकट बनतो. त्या एमबीझेड फाइलमध्ये नावं आणि ईमेल असतात, आणि ती फाइल ‘पुढच्या वर्षीचा कोर्स यावरून बनवा’ म्हणून दुसऱ्या संघटनेला सहज दिली जाते. देताना ‘युजर्स’ची टिक काढून नवा बॅकअप घ्या. आणि काढून टाकलेल्या खात्यांचे फक्त क्रमांक, नावं न लिहिता, एका वेगळ्या कागदावर ठेवा. सर्व्हर कोसळून महिन्यापूर्वीचा बॅकअप चढवावा लागला, की तुमचे ते डॉक्टर सभासद यादीत पुन्हा हजर होतील. तेव्हा तो कागद काढून तीच खाती परत पुसायची आहेत.